पांगाऱ्याची फळी

३ मे १९८१, रविवार

जहाजाचा लॉग लिहिणं हा वरच्या साहेबांचा मान, फिटरला तो मिळत नाही. तेव्हा हा माझा मीच लिहिणार. सुट्टी ऑक्टोबरपर्यंत आहे. रोज लिहीन असं नाही, पण काही घडलं की खरं काय ते उतरवायचं, स्वतःची तारीफ न करता. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण हातात पेन आलं की शाळेची मराठी येते, त्याला इलाज नाही.

बेत असा. गेल्या हिवाळ्यात आमचं जहाज स्कॉटलंडच्या पार उत्तरेला एका गोदीत दुरुस्तीसाठी अडकून पडलं होतं. तिथला डग्लस नावाचा फिटर एका रविवारी मला किनाऱ्यावर घेऊन गेला. काळं पाणी, खडकांवर बर्फ, दूरदूर घर नाही, आणि त्या पाण्यात चारपाच पोरं फळ्यांवर उभी राहून लाटेवरून खाली येत होती. सर्फिंग म्हणतात त्याला. डग्लसने आपला जुना रबरी सूट मला चढवला आणि दिलं ढकलून. दिवसभरात एकदाच उभा राहिलो. पण तेव्हापासून इंजिनरूममध्ये पाना फिरवतानासुद्धा पायाखाली ती लाट असते.

या वर्षअखेर जहाज पुन्हा त्याच गोदीत जाणार आहे. काम उरकलं की महिनाभर रजा घेऊन डग्लसकडे राहायचं आणि भर हिवाळ्यात, लाटा खऱ्या मोठ्या असतात तेव्हा, रोज पाण्यात उतरायचं. कप्तान हो म्हणालाय. डग्लसच्या दोनच अटी आहेत. फळी स्वतःची आण आणि गारठा सोसायला शिकून ये.

आज चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर घरी सांगून टाकलं. आईने आधी क्रूस केला, मग तोंड सोडलं. “या घरातून एक गेलाय समुद्रात. तेवढ्याने भागलं नाही?”

म्हणजे प्लासिडकाका, बाबांचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधी राजोडीच्या समुद्रात बुडाला. देवाच्या कोनाड्यात, अल्तारीजवळ, त्याचा फोटो आहे, बाकी घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

बाबा विड्याच्या पानांच्या करंडीवर केळीचं पान बांधत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “तिथे किनाऱ्यावर कोण उभं असतं?”

“कुणी नाही. सगळे पाण्यात असतात,” मी म्हटलं.

त्यांनी गाठ मारली आणि उठून गेले. असला प्रश्न पानवेलवालाच विचारू जाणे.

६ मे

फळीला हलकं लाकूड हवं. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग स्वतःलाच शिव्या घातल्या. पांगारा! लहानपणी आम्ही सगळे वाडीतल्या बावखलात पोहायला शिकलो ते पाठीला पांगाऱ्याचा ठोकळा बांधूनच. त्या तळ्यात गावातलं एकही पोर बुडालं नाही. आणि आमच्या पानमळ्यात वेल चढवायला पांगाराच तर लावलेला आहे.

बांधावरचा जाडजूड पांगारा मागितला. बाबा वर न बघता म्हणाले, “त्यावर वेल चढलाय.”

“दुसऱ्यावर चढवा.”

“वेल काय तुझं जहाज आहे, वाटेल तिथे लावायला?”

झालं, विषय संपला. मला चीड येते ती याची. बाबांना स्वतःला पोहता येत नाही. सगळा गाव बावखलात डुंबत होता तेव्हा हे रहाटाच्या रेड्यामागे फिरत होते. आता विजेचा पंप आला, रेडा गेला, तरी यांचं फिरणं त्याच वर्तुळात. अशा माणसाने मला समुद्र नको म्हणायचं!

९ मे

नशीब म्हणतात ते हेच. सकाळी कुऱ्हाडीचे घाव ऐकून बाहेर आलो तर बांधावरचा पांगारा आडवा. बाबा घाम पुसत म्हणाले, “वेल सुकलाच होता. ने.”

परवाच मी पाहिला होता, हिरवागार होता वेल. म्हाताऱ्याची नजर अधू होत चाललीय, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. माझं काम मात्र झालं.

३० मे

वखारीत चिरून आणलेल्या फळ्या आता उन्हात बऱ्या सुकल्यात. खुंट्या मारून, पाण्यात न सुटणारा सरस लावून जोडायला घेतल्या. डग्लसने पाठवलेल्या आकृतीप्रमाणे नाक थोडं वर उचललंय. दुपारी पाहतो तर बाजूला ठेवलेले दोन चांगले जाड तुकडे गायब. बाबांनी नेले म्हणे, चुलीला. आईला विचारलं तर ती माझ्याच अंगावर आली. “पांगारा कुणी चुलीत घालतं का? नुसता धूर!” दोघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर नाही.

बाबा हल्ली पहाटेच बावखलाकडे जातात. गाळ काढून मळ्यात घालायचा असतो, मे महिन्यातलं नेहमीचंच काम.

२१ जून

गारठ्याचा प्रश्न आलोशियसने सोडवला. शाळेतला माझा दोस्त, किनाऱ्यावरचा कोळी, अर्नाळ्याच्या रस्त्यावर बर्फाच्या कारखान्यात मशीनवर असतो. पावसाळ्यात बोटी बंद, बर्फाला गिऱ्हाईक नाही. त्याने एका पिंपात अर्धं पाणी भरलं, लादी फोडून आत टाकली आणि म्हणाला, “बस राजा. मेलास तर तुजे बापाला मी सांगनार नाय, तूच सांग.”

गळ्यापर्यंत बसलो. आधी सुया टोचतात, मग छातीवर कुणीतरी बसतं, श्वास आत जायलाच तयार नसतो. थोड्या वेळाने काहीच वाटेनासं होतं. मला वाटलं जमलं. बाहेर आल्यावर शर्टाची बटणं लावता येईनात, बोटं माझी नव्हतीच. आलोशियसने बटणं लावून दिली आणि हसला नाही. तो हसला नाही याचाच मला राग आला.

५ जुलै

फळी तयार झाली. दोन हात व्हार्निश दिलंय. माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, आणि एका काखेत उचलता येते. पाण्यात घातली तर कशी तरंगली! मीच तिला दोनदा शाबास म्हणालो.

बाबा सकाळी घरी आले ते डोक्यापासून ओले, कानामागे शेवाळ. विचारलं तर म्हणे, “गाळ काढत होतो.” बावखल तुडुंब भरलंय, पायऱ्या दिसत नाहीत, आणि हे गाळ काढतात! आईने त्यांच्या छातीला गरम तेल चोळलं, कानात कापूस घातला. वर मला ऐकवलं, “या वयात मला दोन पोरं सांभाळायची वेळ आलीय.” दुसरं पोर कोण, ते तिलाच ठाऊक.

काळजी वाटते. माणूस म्हातारा झाला की आधी ऋतू विसरतो की काय?

१९ जुलै

राजोडीला पहिल्यांदा फळी घेऊन उतरलो. गढूळ पाणी, वाऱ्याने मोडलेल्या लाटा, डग्लसच्या किनाऱ्याची सर नाही. तरी दोनदा गुडघ्यांवर आलो. एकदा तोंडावर आपटलो, नाकातून वाळू निघाली.

बाहेर आलो तर सुरूच्या झाडांखाली सायकलला टेकून बाबा उभे. कॅरिअरवर रहाटाचा जुना दोर, हे भलं मोठं वेटोळं.

“तुम्ही इथे कशाला?”

“मासळीचं खत बघायला आलो.”

“आणि दोर?”

“पोत्याला.”

त्या दोराने बैलगाडी बांधता आली असती. बाबांना मी जन्मात या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. वाळूच्या अलीकडच्या रस्त्यावरूनसुद्धा ते मान वळवून जातात. आता माझ्यावर पाळत ठेवायला आले, दुसरं काय! मी फळी खांद्यावर टाकून निघालो. ते मागून सायकल हातात धरून चालत आले, चढले नाहीत.

२ ऑगस्ट

बाबा राजोडीला रोजच येतात. दोन महिने बोटी वाळूवर आहेत, मासळी नाही तर खत कुठून? हे आज तोंडावर म्हटलं. म्हणाले, “बघून ठेवलेलं बरं.”

मग मीच ओरडलो. “मला जाऊ द्यायचं नाही ना, तर सरळ सांगा! रोज भुतासारखे उभे राहू नका. तुम्ही असलात की माझा तोल जातो.”

ते दोराचं वेटोळं सारखं करत राहिले. शेवटी म्हणाले, “तू पाण्याकडे बघ. माझ्याकडे कशाला बघतोस?”

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. त्यांच्या असण्याने तोल जात नाही. काल दोनदा धड उभा राहिलो आणि दोन्ही वेळा पहिल्यांदा किनाऱ्याकडेच पाहिलं.

२३ ऑगस्ट

डग्लसचं पत्र आलं. फळीला मेण घासायला सांगतो, नाहीतर पाय सरकतो. इथे ते मेण कुठून आणायचं? घरात एकच जाड मेणबत्ती होती, आईची. फेब्रुवारीत चर्चमध्ये फादरचा आशीर्वाद घेऊन आणलेली. घासली फळीवर. पाय मस्त धरतो.

संध्याकाळी घरात आकाशपाताळ एक झालं. “ती वादळात लावायची असते! घरात कुणी जायला टेकलं तर त्याच्या हातात द्यायची असते! आणि तू ती पायाखाली घासलीस?”

“चांगल्या कामालाच लावली. दुसरी आणतो.”

“ती काय दुकानात मिळते?” असं म्हणून आईने माझ्या हातातला उरलेला बुडखा हिसकावून घेतला. बाबा मध्ये पडले नाहीत. रात्री जेवताना नुसतं खोकत होते. महिनाभर खोकताहेत.

८ सप्टेंबर

मरियेचा सण. भाताची नवी कणसं घेऊन सगळे चर्चला गेलो. फादर बाहेर भेटले, म्हणाले, “काय सिप्रियन, बर्फात बसतोस म्हणे? पर्गेटरीतल्या यातनांची तयारी तर नव्हे?” सगळे हसले, मीही. आई हसली नाही.

घरी आलो तर दारात तारवाला. कंपनीची तार होती, पाच ऑक्टोबरला हजर व्हा. महिनाही उरला नाही आणि अजून एकही लाट मला हवी तशी मिळालेली नाही. पिंपात जरा जास्त बसलो तर डाव्या पोटरीत गोळा येतो, तो दाबूनही सुटत नाही. हे मी आलोशियसला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो बर्फ बंद करेल.

१६ सप्टेंबर

माझ्या तयारीतली चूक सापडली. मी गारठा वेगळा शिकतोय आणि लाट वेगळी. तिथे तर दोन्ही एकदमच येणार! म्हणजे बधिर हातापायांनीच लाटेवर उभं राहता आलं पाहिजे. शनिवारी पिंप राजोडीलाच न्यायचं, आधी बर्फात बसायचं आणि तसंच उठून समुद्रात जायचं. फळीसुद्धा बर्फात ठेवायची.

आलोशियस म्हणाला, “सिप्रू, तुला येड लागलंय.” पण हातगाडी देतो म्हणाला.

आईला सांगितलं नाही. बाबा पडवीत पानं लावत होते, त्यांनी ऐकलं असावं.

२० सप्टेंबर, रविवार

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो. मिस्सा चुकली.

काल सकाळी वारा पडला होता, पण लाटा मोठ्या होत्या, रांगेने येत होत्या. अशा लाटा इथे मी पहिल्यांदाच पाहिल्या. पिंपात बसलो. नेहमीपेक्षा जास्त बसलो, कारण बाबा सुरूखाली उभे होते आणि त्यांना दाखवायचं होतं. उठलो तेव्हा पाय वाळूला लागतात की नाही तेच कळेना. फळीला बांधलेली दोरी पायात अडकवायची असते, म्हणजे पडलो तरी फळी जवळ राहते. बोटांना गाठ मारता येईना. दोनदा सुटली. म्हटलं, राहू दे.

आलोशियस मागून ओरडला, “वोहोटी लागली हाय! पानी खाडीकडं खेचतंय, आज नको!” मी हात हलवला.

पहिली लाट हुकली. दुसरी मिळाली. उभा राहिलो आणि त्याच क्षणी पाय काचेवरून सरकावा तसा गेला. आईची मेणबत्ती बर्फात दगडासारखी घट्ट झाली होती. फळीची कड कानशिलावर बसली. वर आलो तेव्हा फळी लांब गेली होती.

पोहायला लागलो. हात पाण्यावर आपटत होते, पाणी मागे ढकललंच जात नव्हतं. मग पोटरीत गोळा आला. किनाऱ्याकडे पाहिलं तर समोर सुरूची झाडं नव्हती, ती डावीकडे सरकली होती, आणखी सरकत होती. मी ओरडलो की नाही आठवत नाही. तोंडात पाणी होतं. भीती वाटली, सरळ लिहितो. सात वर्षं समुद्रावर काढली, अशी भीती कधी वाटली नव्हती. आई आठवली नाही, देव आठवला नाही. एवढंच मनात आलं की डग्लसच्या किनाऱ्यावर असतो तर आत्ता कुणी उभं नसतं.

मग लाटेच्या उतारावर एक पांढरं डोकं दिसलं. खाली गेलं, परत दिसलं. मला वाटलं भास आहे. ते पोहणं तरी कसलं! बावखलात पोरं पहिल्या पावसाळ्यात मारतात तसे हातपाय, मान ताणलेली, तोंड उघडं, डोळे माझ्यावर. कमरेला रहाटाचा दोर. पाठीला दोन ठोकळे बांधलेले. जवळ आले तेव्हा ओळखले. पांगाऱ्याचे, माझ्या फळीतून उरलेले. एकावर माझ्या पेन्सिलची रेघ अजून होती.

बाबांनी माझे केस धरले. “पाय मारू नको,” म्हणाले. “दोर आहे.”

एक लाट दोघांच्या डोक्यावरून गेली. त्यांनी केस सोडले नाहीत. मग दोर ताणला गेला आणि आम्ही मागे जायला लागलो. दुसरं टोक आलोशियसने धरलं होतं, बोटींवर काम करणारी दोन माणसं त्याच्या मागे लागली होती.

वाळूवर बाबा पालथे पडले. पाणी ओकले, खोकले, पुन्हा ओकले. मी त्यांच्या पाठीवरचे ठोकळे सोडवायला गेलो, बोटं अजून चालत नव्हती. त्यांनी मान वळवून पाहिलं.

“फळी गेली?” त्यांनी विचारलं.

मी रडलो. आलोशियस आणि ती दोन माणसं बघत होती तरी रडलो.

२२ सप्टेंबर

बाबांना ताप आहे. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी गेलंय, इंजेक्शनं चालू केलीत.

आईने आज सगळं सांगितलं. मी पाट्यापाशी बसलो होतो, ती वाटण वाटत होती, माझ्याकडे न बघता बोलत होती.

“प्लासिड बुडाला तेव्हा हे वाळूवर उभे होते. तो हात वर करून हाका मारत होता, यांचंच नाव घेऊन. लुईस, लुईस. यांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यात गेले आणि तिथेच उभे राहिले. माणसं बोलावून आणेपर्यंत काही उरलं नाही. त्यानंतर तीस वर्षं समुद्राकडे तोंड केलं नाही त्यांनी. तू मे महिन्यात ते सांगितलंस, दुसऱ्या दिवशी पहाटे बावखलात उतरले. पहिल्या दिवशी पायरी सोडेनात. मी काठावर उभी होते.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगू नको म्हणाले. तू हसला असतास.”

हसलोच असतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो मी त्यांना! सगळं माझ्या समोर होतं, ओलं डोकं, शेवाळ, कापूस, दोर. सगळं पाहिलं आणि इथे लिहूनही ठेवलं. मागची पानं वाचली, तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

अल्तारीवर एक बोटभर मेणबत्ती दिसली. तोच बुडखा. आई म्हणाली, रोज सकाळी तुम्ही दोघं परत येईपर्यंत मी लावत होते, म्हणून एवढीच उरली.

२५ सप्टेंबर

ताप उतरत नाही. रात्री श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येते. मी नवसबिवस करणारा नाही, पण अल्तारीपुढे बसून सांगितलं की हे बरे होऊ देत, मी कुठे जात नाही. कंपनीला तार करायचा मजकूर लिहून खिशात ठेवलाय.

फळी सापडली. खाडीच्या तोंडाशी जाळ्यात अडकली होती, आलोशियसने आणून पडवीत उभी केली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२८ सप्टेंबर

ताप गेला. बाबांनी पेज मागितली, वर सुके बोंबील हवेत म्हणाले, म्हणजे बरे झाले.

मी खाटेशी बसलो आणि सांगितलं, “मी जात नाही. बोटीवर जाईन, रजा घेणार नाही. संपला तो विषय.”

बाबा बराच वेळ पेज ढवळत राहिले. “तुला अडवायचं असतं तर पांगारा तोडला नसता,” ते म्हणाले.

“वेल सुकला नव्हता ना?”

“चांगला होता. सगळ्यात चांगला.”

“मग तोडलात कशाला?”

“तू दुसरीकडून आणलं असतंस लाकूड. काय लाकूड, कसलं लाकूड, तरंगलं असतं की नाही.” त्यांना खोकला आला, थांबले. “प्लासिडला पण समुद्रात जायला नाही म्हटलं होतं मी. तो न सांगता गेला. म्हणून मी वाळूवर उशिरा पोचलो.”

त्यांनी वाटी खाली ठेवली.

“जा. पण मी मेमध्ये विचारलं होतं, त्याचं उत्तर घेऊन जा. तिथे किनाऱ्यावर कोण उभं असतं?”

२९ सप्टेंबर

खिशातला मजकूर फाडला. डग्लसला तारेनेच विचारलं. तारेत जास्त शब्द मावत नाहीत, पण त्याला कळेल. बाबांचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत लिहिला, आणि खाली असं की मी पाण्यात असताना तू वाळूवर दोर घेऊन, तू पाण्यात असताना मी. नाहीतर मी येत नाही.

पोस्टातल्या माणसाने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

२ ऑक्टोबर

डग्लसची तार आली. फक्त एवढंच लिहिलंय की दोर माझ्याकडे आहे, ये.

बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग विचारलं, “किती जाड आहे तो, विचारलंस का?” मी म्हटलं, गोदीतला दोर आहे बाबा, जहाज बांधतात त्याने. तेव्हा कुठे समाधान झालं.

फळीवरचं मेण खरवडून काढलं. तिथलं मऊ मेण तिथेच घेईन. खरवडलेलं सगळं आईने एका बशीत गोळा केलं. वितळवून वात घालणार म्हणाली.

४ ऑक्टोबर, रविवार

उद्या निघायचं. बॅग भरून झाली, फळी गोणपाटात शिवली.

पहाटे जाग आली तर बाबांची खाट रिकामी. आई चुलीपाशी होती, तिने नुसती बावखलाकडे मान केली. डॉक्टरने महिनाभर पाण्यात जाऊ नका म्हटलंय, पण सांगणार कोण? मी सायकलच्या कॅरिअरवरून रहाटाचा दोर काढला आणि वाडीतून खाली गेलो.

पाणी हिरवं, शांत. बाबा मधोमध होते, पाठीला दोन ठोकळे, तोंड वर, धापा टाकत. मी पायरीवर उभा राहिलो. वळताना त्यांनी मला पाहिलं आणि हात थांबले.

“तू इथे कशाला?”

“गाळ न्यायला आलोय,” मी म्हटलं.

“आणि दोर?”

“पोत्याला.”

ते पाण्यात हसले, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. मी एक पायरी उतरलो. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. मग तिथेच, पाय मारत, छातीवरची गाठ सोडली आणि पांगाऱ्याचे दोन्ही ठोकळे माझ्या दिशेने ढकलून दिले. ते तरंगत येऊन पायरीला लागले.

“बघत राहा,” बाबा म्हणाले, आणि समोरच्या काठाकडे निघाले.

मी दोराचं एक टोक हाताला गुंडाळून घेतलं आणि बघत राहिलो.